पहिली रिंग

माझे सोळा माग फोडायची वेळ झाली तेव्हा मी अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शेजारी बायको, आणि हातात फोन. त्या दिवसाची आठवण आली की आधी पायांना ती गरम पाण्याची धग जाणवते, मग बाकीचं सगळं येतं.

भिवंडीच्या कामतघरात माझा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखालचा एक लांबट हॉल आणि त्यात दोन रांगांनी उभे सोळा यंत्रमाग. मी मूळचा पूर्ण्याचा, आगरी. आमच्या गावात ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी ती गोदामांना दिली आणि दारात गाड्या आणल्या. माझा बाप दुसऱ्याचं खाडीकाठचं खाजण कसायचा, त्यामुळे मला विकायलाही काही नव्हतं. सतराव्या वर्षी मी एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागलो. मागावरचं काम बाहेरून आलेल्या लोकांचं, आपलं नव्हे, असं गावात म्हणायचे. मी ते शिकलो. बाविसाव्या वर्षी दोन जुने माग घेतले, पुढे चार, मग आठ, मग सोळा. यातला एकही माग मला कोणी दिलेला नाही. प्रत्येकासाठी मी तासन् तास भांडलो आहे, उठून गेलो आहे, परत बोलावला गेलो आहे.

गेली काही वर्षं धंदा बसला होता, हे मी नाकारत नाही. सोळातले कधी सहा चालत, कधी चार. पण बंद पडलेला माग आणि फोडलेला माग यात फरक असतो. बंद माग पट्टा चढवला की चालू होतो.

जागा मी दोन वर्षांपूर्वी मुलाच्या नावावर केली होती. ती माझीच हुशारी होती, त्यात काही फायदे होते. मुलाने ती जागा एका गोदामवाल्याला भाड्याने दिली आणि सही करून झाल्यावर घरी येऊन मला सांगितलं. आधी नाही, नंतर. वर म्हणाला, "मीच फोन केला त्यांना, म्हटलं लवकर ठरवून टाकू." जागा आपली, गरज त्यांची, आणि फोन याने केला. मी त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी गोदामवाल्याचा माणूस मोजमाप घ्यायला आला तेव्हा मी चहाचा ग्लास त्याच्या दिशेने फेकला. ग्लास भिंतीला लागला. नेम माझा चांगला आहे, शेवटच्या क्षणी हात फिरवला, एवढंच.

जागा शनिवारी रिकामी करून द्यायची होती. जुने माग आता कोणी घेत नाही, भंगारवाले घेतात. ते मागाच्या लोखंडी बाजू घणाने फोडतात, कारण अख्ख्या बाजू टेम्पोत नीट रचता येत नाहीत. भंगारवाल्याला मुलाने शुक्रवार सांगितला. भिवंडीत शुक्रवारी कारखाने बंद असतात, गल्ल्या मोकळ्या असतात, गाडी लागते. भंगारवाल्याची माणसं जुम्म्याची नमाज पढून, थोडं खाऊन अडीचच्या सुमारास कामाला लागणार होती.

पण मंगळवारी एक माणूस येऊन गेला होता. मालेगावचा, स्वतःचा लहानसा कारखाना असलेला, माझ्याच वयाचा. त्याला चालते माग हवे होते. त्याने प्रत्येक माग हाताने फिरवून पाहिला, फण्यांवरून बोट फिरवलं, तीन वेळा चहा घेतला आणि प्रत्येक मागात एक खोट काढली. मी त्याच्या प्रत्येक खोटीला हसलो. दरावर आमचं जमत आलं होतं, अडलं होतं ते आकड्यावर. त्याला दहा माग पाहिजे होते. मी म्हटलं, सोळाच्या सोळा, नाहीतर एकही नाही. दहा गेले असते तर सहा फुटले असते, आणि ते सहा कोणते हे मला ठरवावं लागलं असतं.

"सोच के बताता हूँ, सेठ," असं म्हणून तो निघाला. गेटपाशी त्याने वळून एकदा आत पाहिलं. ज्याला घ्यायचं नसतं तो वळून पाहत नाही. शुक्रवारी त्याचा ट्रक कपडा घेऊन भिवंडीत येणार होता आणि रिकामा परत जाणार होता, हेही त्याच्या तोंडून निसटलं होतं.

तेव्हापासून मी त्याच्या फोनची वाट पाहत होतो, आणि मला खात्री आहे, तो माझ्या. आमच्या धंद्यात बोलणं अडलं की जो आधी फोन करतो तो खाली आला. हे कुठे लिहिलेलं नाही, पण दलालापासून शेठपर्यंत सगळे पाळतात. आणि समोरच्याचा फोन आला तरी पहिली रिंग उचलायची नाही. पहिल्याच रिंगला उचललं की त्याला कळतं, हा फोन उशाशी घेऊन बसलाय. ती वाजू द्यायची, बंद होऊ द्यायची. तो दुसऱ्यांदा करतो तेव्हा उचलायचं आणि म्हणायचं, "हां, जरा कामात होतो." माझे पहिले दोन माग मी असेच घेतले. मालकाने पानवाल्याच्या फोनवर निरोप ठेवला, मी गेलो नाही. दुसरा ठेवला, गेलो नाही. तिसऱ्याला गेलो, आणि तो माझ्या भावावर आला.

मुलाला हे सगळं ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, अडीचपर्यंत वेळ आहे. त्या मालेगाववाल्याचं जमलं तर मला फक्त एक फोन करा. मी भंगारवाल्याला परत पाठवतो, त्याचं काय ते मी बघेन." मी टीव्हीकडे पाहत राहिलो. त्याच्याशी बोलणं मी सोडलं होतं.

सहल बायकोने काढली. मी त्या दिवशी कारखान्यात असलो तर भंगारवाल्याच्या अंगावर जाईन, नाहीतर छातीत कळ येऊन पडेन, अशी तिला भीती होती. पण तिने तसं सांगितलं नाही. म्हणाली, "लग्नाला पस्तीस वरसा झाली. तुमी मना कंदी कुठं न्हेलाव? लोनाडची लेणी आपल्यापासून हाकेवर हाय, ती पन न्हाय पाहिली मी." सुनेने शुक्रवारची रजा टाकली आणि गाडी तीच चालवणार असं ठरलं. ती काल्हेरची, एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, गाडी माझ्या मुलापेक्षा बरी चालवते. मुलगा कारखान्यावर थांबणार होता.

सकाळी आठला निघालो. डिसेंबर संपत आला होता, शेतं कापून झाली होती. लोनाडला गाडी खाली लावून टेकडी चढलो. लेणं मोठं नाही. पुढे खांबांचा ओटा, आत अंधार आणि त्या अंधारात देवी. ओट्याच्या भिंतीत माणसं कोरलेली आहेत, राजा असावा, बायका, नोकर. चेहरे झिजून गेलेत. सुनेने मोबाईलवर वाचून सांगितलं की हे बौद्ध भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण, देवी नंतर आली. बायको आत जाऊन हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मी खांबाला हात लावून पाहत होतो की हा एकाच दगडात कसा काढला असेल. चुकला असता तर पुन्हा जोडता आला नसता.

"बाबा, इकडे या ना, फोटो काढते," सून म्हणाली. मी फोन पाहत होतो. रेंज होती, दोन दांड्या. फोन आला नव्हता.

खाली गावात शंकराचं पडकं देऊळ आहे. शिखर नाही, दगड इकडेतिकडे मांडून ठेवल्यासारखे पडलेले. सून म्हणाली, या भागात पूर्वी राजाने जमीन दान दिली की दगडावर तसं कोरून ठेवत, आणि जो हे मोडेल त्याला गाढवाचा शाप देत, गाढवही खाली कोरत. मला ते आवडलं. मी म्हटलं, आमच्या जागेच्या कागदावरही एक काढून घ्यायला हवं होतं. ती हसली नाही. नवऱ्याबद्दल आहे हे तिला कळलं होतं. सासू लगेच म्हणाली, "कागद तुमीच केलाव ना त्याच्या नावान? मंग गारव कोनाचं काराचं?"

मी गाडीकडे वळलो.

नाशिक हायवेला लागलो. आसनगावच्या पुढे डाव्या हाताला माहुलीचा किल्ला दिसतो. वर सुळके उभे आहेत, एकाला लागून एक. चहाच्या टपरीवर थांबलो. बायको टक लावून पाहत होती. या रस्त्याने ती नाशिकला, शिर्डीला बसमधून गेली होती, पण कधी उतरून पाहिलं नव्हतं. वर काय आहे असं तिने विचारलं. मी म्हटलं, काय असणार, टाकी असतील, पडके दरवाजे. महाराज लहान असताना काही दिवस इथे होते, असं सुनेने सांगितलं. बायकोने किल्ल्याकडे पाहून नमस्कार केला. मला मात्र ते सुळके मागाच्या फणीच्या दातांसारखे दिसत होते, ज्यांतून धागे ओवतात. टपरीवाल्याने तीन चहाचे जास्त सांगितले असं मला वाटलं आणि मी त्याच्याशी वाद घातला. अशा वेळी मी वाद घातला नाही तर मला स्वतःचीच भीती वाटते. तो कंटाळून मागे हटला. सून गाडीत जाऊन बसली होती.

अकरा वाजून गेले होते. फोन नाही.

गाडीत बायको म्हणाली, "तुमीच लावा की त्याला एक फोन. काय जीव जानार हाय का?"

मी तिला नियम सांगितला. तिला तो माहीत होता, पस्तीस वर्षं तिने तो ऐकला होता. सून आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाबा, मग निदान यांना सांगू का, चार वाजेपर्यंत थांबा म्हणून? मी सांगते, तुम्ही बोलू नका."

"माझ्या मागांसाठी मी त्याच्यापुढे हात पसरणार नाही. आणि माझ्या वतीने तूही पसरायचा नाही," मी म्हटलं. मी आवाज चढवला होता. ती गाडी जरा जोरात चालवू लागली.

आटगावहून आत वळून तानसाला गेलो. भिवंडीत राहणाऱ्याला तानसाची पाइपलाइन ठाऊक असते. जाडजूड काळे पाइप आमच्या गावांजवळून मुंबईला जातात, लहानपणी आम्ही त्यांच्यावरून चालत शाळेत जायचो. पण त्यांत पाणी येतं कुठून, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला एका मोकळ्या जागेवरून तलाव दिसला. एवढं पाणी, आणि आवाज नाही. पलीकडे जंगल, निळसर. मला आवाजाशिवायची जागा सोसत नाही. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर शांत जागेत कानात एक शिट्टी वाजत राहते, ती तिथे वाजू लागली.

बायको काठाच्या दगडावर बसली. घरून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी तिने उघडली. तिने डोक्यावरचा पदर काढला होता आणि केसांतून वारा जात होता. ती खूश होती, आणि मला ते दिसत होतं. ती म्हणाली, "बरा झाला बाय, आलू ते." सुनेला म्हणाली. मला नाही.

तेव्हा फोन वाजला.

मालेगाववाल्याचा नंबर. मी तो नाव न लिहिता ठेवला होता, पण शेवटचे आकडे पाठ होते. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फोन तळहातावर धरला आणि तो वाजू दिला. मी खरं सांगतो, मला आनंद झाला होता. तो खाली आला होता. सोळाच्या सोळा उभे राहणार होते, कुठेतरी मालेगावात, कोणाच्या तरी हाताखाली, पण उभे.

"उचला," बायको म्हणाली.

"पहिली आहे. दुसरीला उचलतो."

"बाबा, प्लीज, उचला," सून उठून जवळ आली. मी हात लांब केला, ती घेईल म्हणून. फोन वाजून वाजून थांबला.

आम्ही तिघं त्या फोनकडे पाहत राहिलो. मला अंदाज होता, दहा मिनिटं. माणूस दहा मिनिटं स्वतःला आवरतो, मग पुन्हा करतो. मी भाकरी घेतली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. सून म्हणाली, आता तुम्ही करा, मिस्ड कॉल पाहून केला असं म्हणा, त्यात काय कमीपणा आहे. तिला वाटत होतं कमीपणाचा प्रश्न आहे. तसं नव्हतं. मी फोन केला असता तर तो पुन्हा दहावर गेला असता, आणि सहा माग अडीचच्या घणाखाली आले असते. मी सहा मागांसाठी थांबलो होतो. निदान त्या वेळी मी स्वतःला तसंच सांगितलं, आणि आजही त्यातलं किती खरं होतं हे मला ठरवता येत नाही. उठून गेलेलं गिऱ्हाईक परत आलेलं पाहण्यात जी मजा असते, तीही त्यात असणार.

साडेबाराला तिथून निघालो. वज्रेश्वरीला हायवेने न जाता आतल्या रस्त्याने जाऊ असं सुनेच्या मोबाईलने सांगितलं. तो रस्ता जंगलातून जातो. दोन वळणं गेल्यावर रेंज गेली.

मी तिला मागे वळव म्हणायला हवं होतं. मी काही म्हटलं नाही. मला वाटलं, दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. रस्ता खराब होता. पुढे एक बैलगाडी, मग एका पाड्यावर लग्नाचा मांडव, बायका रस्त्यात नाचत होत्या. त्यांना हॉर्न द्यायचा नाही असं बायकोने सुनेला सांगितलं. आम्ही त्यांच्या मागे चालीच्या वेगाने जात राहिलो. मी खिडकीतून हात बाहेर काढून फोन उंच धरला होता. एका म्हाताऱ्याने तो हात पाहून मला परत हात केला.

पक्का रस्ता आला तेव्हा दीड वाजून गेला होता. फोन एकदा थरथरला. मी पाहिलं तर कंपनीचा मेसेज, की रेंज नसताना या नंबरवरून तुम्हाला दोन कॉल आले. तोच नंबर.

म्हणजे दुसरी रिंग झाली होती. तिसरीही झाली होती.

हे मी दोघींना सांगितलं नाही. मी विचार केला, तीन वेळा केला म्हणजे तो पूर्ण आला, आता चौथ्यांदा करणारच. आता मी केला तर हातात आलेलं घालवीन. चाळीस वर्षांच्या सवयीने माझा विचार त्या बाजूने चालला होता. तो इतका सरळ चालला होता की त्यात मला एकही खोट दिसली नाही.

वज्रेश्वरीच्या देवळाला किल्ल्यासारखा तट आहे आणि खूप पायऱ्या आहेत. वसई जिंकली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस पेशव्यांच्या भावाने केला होता, असं तिथे सांगतात. आधी वसई, मग देऊळ. मी पायऱ्या चढताना मनात म्हटलं, याला सौदा कळत होता. वर गाभाऱ्यापाशी मी काही मागितलं नाही. मागायचं तर बदल्यात काहीतरी बोलावं लागतं, आणि मला आकडा सुचेना. बायकोने मात्र डोळे मिटून बरंच काही मागितलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते. त्या दिवशी तिने माझ्यासाठी काय मागितलं हे मी तिला कधी विचारलं नाही.

सव्वादोनला अकलोलीच्या कुंडांवर आलो. बायकोचे गुडघे दुखतात, या पाण्याने आराम पडतो असं सगळे म्हणतात. दोघं काठावर बसलो, पाय पाण्यात सोडले. पाणी एवढं गरम की आधी टाच, मग हळूहळू बाकीचं. सून शहाळी आणायला गेली होती. दोन वीसला, दोन पंचवीसला मी फोन पाहिला. रेंज भरपूर होती. तो वाजत नव्हता.

"अडीच होतील आता," बायको म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहत म्हणाली. "माझा ऐका. आज माझ्यासाठी लावा. मी तुमच्याजवल काय मांगलाय कंदी?"

मी आयुष्यात पहिल्यांदा आधी फोन केला. त्याने लगेच उचलला. मागे ट्रकच्या इंजिनाचा आवाज होता.

"बोलो सेठ."

मी म्हटलं, जरा कामात होतो.

"मैं समझ गया था," तो म्हणाला. "तीन बार लगाया. मुझे लगा सौदा कहीं और बैठ गया, इसलिए नहीं उठा रहे. मैं तो सुबह से धामणकर नाक्यापे गाड़ी लगाके बैठा था. शांतीनगर में एक पार्टी के बारह मिल गए, वही भर लिए. अब नाशिक हाईवे पे लग गया हूँ."

मी म्हटलं, तुला तर दहाच हवे होते.

"नहीं सेठ, आपके तो सोलह के सोलह लेने थे. घर में बात हो गई थी. वही बोलने को फोन किया था." मग थोडं थांबून, "आपकी मशीन अच्छी थी. खोट तो मैं ऐसे ही निकाल रहा था."

मी म्हटलं, "मालूम है." फोन ठेवला.

धामणकर नाका माझ्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर आहे. सकाळभर मी लेणी पाहत होतो आणि तो रिकामा ट्रक घेऊन तिथे बसून होता.

बायकोला विचारावं लागलं नाही. तिने पाण्यातून पाय काढले, पदराने पुसले. गुडघ्यांना पुरतं शेकूनही झालं नव्हतं. सून तीन शहाळी घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून तशीच उभी राहिली. मुलाला फोन करून थांबव असं मी तेव्हा म्हणू शकत होतो. दोन एकतीस झाले होते, पहिला घण कदाचित पडायचा होता. पण थांबवून काय सांगणार? गिऱ्हाईक गेलं होतं, जागा उद्या द्यायची होती. मी शहाळं प्यायलो. गोड होतं. ते गोड होतं हे मला अजून आठवतं आणि स्वतःची शरम वाटते.

परतीचा रस्ता अंबाडीवरून. सुनेने एकदा डोळे पुसले, आणि मला राग आला, की माग माझे आणि रडते ही. तो राग मी गिळला. बाकी गिळण्यासारखं बरंच होतं.

पाचच्या आत कामतघरात पोचलो. गल्लीत टेम्पो उभा होता आणि त्यात माझ्या मागांच्या बाजू, मधून फुटलेल्या. जिथे लोखंड फुटतं तिथे ते आतून राखाडी, दाणेदार असतं, साखरेसारखं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं मी त्यांच्या बाहेरच्या काळ्या तेलकट अंगावरून हात फिरवला होता.

माझा जॉबर दारात बसला होता. माग दुरुस्त करणारा माणूस, सत्तावीस वर्षं माझ्याकडे, मूळ आझमगढकडचा. हात काळे, समोर पाने आणि नटबोल्टांचे ढीग, मापाप्रमाणे वेगळे लावलेले. मला पाहून तो उठला नाही. इतर वेळी तो उठायचा.

"मैंने खोल-खोल के दिया, सेठ," तो म्हणाला. "उनको बोला, तोड़ो मत, मैं एक-एक खोल के देता हूँ. जितनी देर लगा सकता था, लगाई. साढ़े तीन तक एक ही टूटा था. सोचा, आपका फोन आ जाएगा." मग बोल्टांकडे पाहत म्हणाला, "फिर छोटे सेठ बोले, चाचा, बस."

मी आत गेलो. हॉल मोठा दिसत होता. जमिनीवर मागांच्या पायांच्या जागी सोळा गुणिले चार तेलाचे डाग होते आणि सगळीकडे कापसाची धूळ. मुलगा मध्ये उभा होता. त्याच्या अंगावरही धूळ होती. त्याने भंगारवाल्याला जायला सांगितलं आणि माझ्याजवळ आला.

"मी साडेतीनपर्यंत थांबवलं होतं बाबा त्यांना. म्हटलं तुमचा फोन येईल. त्याचा फोन आलाच नाही का?"

दारात बायको आणि सून उभ्या होत्या. तानसाला तिघांनी मिळून तो फोन वाजताना पाहिला होता.

"नाही आला," मी म्हटलं.

माझ्या मुलाने माझे दोन्ही हात धरले. तो तेहतीस वर्षांचा आहे आणि लहानपणानंतर त्याने माझे हात धरले नव्हते. तो म्हणाला, "माझी चूक झाली बाबा. मी तुम्हाला विचारल्याशिवाय सही करायला नको होती. हे माझ्यामुळे झालं."

तेव्हाही वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. पण इतके दिवस मी त्याच्यावरचा राग धरून उभा होतो, आणि तो गेला असता तर त्या रिकाम्या हॉलमध्ये मी कशाला धरून उभा राहणार होतो, हे मला कळेना. समोरचा स्वतःहून खाली येतो तेव्हा आपण गप्प राहायचं, एवढंच मला येत होतं. मी गप्प राहिलो. मग मान हलवली, झालं ते झालं अशी. त्याची माफी मी घेतली.

बायकोने ते पाहिलं. ती वळली आणि सुनेला म्हणाली, "चल बाय, घरी जाऊ." मला चला म्हणाली नाही.

त्या दिवसाला आता दोन वर्षं होतील. हॉलमध्ये खोक्यांच्या राशी असतात. मुलगा माझ्याशी फार सांभाळून बोलतो, दर महिन्याला कुठे फिरायला जाऊया का असं विचारतो. सुनेने त्याला सांगितलेलं नाही. बायकोने सांगितलेलं नाही. मी जेवायला बसलो की दोघी वाढतात, आणि त्या घरात माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, असं शेजारी म्हणतात. वयामुळे निवळला असेल, असं त्यांना वाटतं.